आक्काचा नेम आणि परसातली वानरं

श्रावण व. ४, शनिवार. गेवराई.
आज पुन्हा. अदालतीतून आलो तर दोडक्याचा वेल कुंपणावरून लोंबत होता, भेंडीची झाडं मोडलेली. कुंपणाला बाभळीचे काटे लावून उपयोग नाही, वानरं छपरावरून उतरतात. माझा जुना काळा कोट घालून बुजगावणं उभं केलं होतं. त्याच्याच खांद्यावर बसून एक हुप्प्या भेंडी खात होता. सौ. हसून हसून खाली बसली. मीही हसलो. मग थोरल्या बहिणीचं, आक्काचं, ताट आठवलं. चातुर्मासभर धान्य नाही, दूध आणि आपल्या परसात उगवेल तेवढंच घ्यायचं, हा तिचा नेम. आज ताटात नुसतं दूध.

व. ५.
आक्का उठताना भिंत धरते. वैद्य म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर अंथरूण धरेल. मी तिला नेम सोड म्हटलं.
"सोडायचाच होता तर धरला कशाला, नाना?"
दावा तिथंच निकाली. वकिली कसली करतो कोण जाणे.

व. ७.
आज उमगलं. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. दर शनिवारी आक्का मागल्या पायरीवर बसून वानरांना भिजवलेले हरभरे घालते, मारुतीचा वार म्हणून. परसाची वाट तिनंच दाखवली.
सांगावं? हरभरे ती बंद करायची नाही, नेमही सोडायची नाही. आपल्यामुळे झालं, एवढं मात्र उराशी धरून बसेल. की न सांगण्याला मीच सोयीचं कारण शोधतो आहे?

व. ११, शनिवार.
दगडू माळ्याच्या मळ्यातून दोडके, भेंडी आणली. परसातून फिरून मागल्या दारानं आत आलो. खोटं बोललो नाही, आक्कानं विचारलंच नाही. (ही पळवाट आहे. लिहून ठेवतो.)
आक्का पोटभर जेवली. "आपल्या मातीची चव निराळीच," म्हणाली. मी तिला आणखी भाजी वाढली.

व. १२.
दगडू मळ्यात सगळ्यांसमोर:
"वकीलसाब, परसात बाग हाय म्हणं तुमच्या. मग भाजी इकत कावून?"
"वानरं."
"मंग त्यांच्यावर दावा लावा की! का त्यांनी तुमालाच वकील धरलंय?"
सगळे हसले. भाजी धोतराच्या सोग्यात झाकून मागल्या गल्लीनं घरी.

व. ३०, अमावास्या.
अदालतीत एका साक्षीदाराला दरडावलं, "खरं तेवढंच बोल." माझाच आवाज ऐकवेना.
नेम मोडतो आहे तो कुणाचा? तिला ठाऊक नाही, म्हणजे दोष तिचा नाही. इथवर पुण्याच्या कॉलेजातलं तर्कशास्त्र पुरतं. पण ती रोज जेवणाआधी हात जोडते, ते कुणापुढे?
सौ.ला म्हटलं, आता थांबवू. "थांबवा. उद्या ताटात काय वाढू तेवढं सांगा." उद्या पुन्हा दगडूकडे.

भाद्रपद शु. २, शुक्रवार.
आक्काच्या चेहऱ्यावर तेज आहे. आज भिंत न धरता पायरीपर्यंत गेली.
"यंदा वानरांनी आपल्याला सोडलं रे नाना. नेमाला देव पावला. उद्या शनिवार, हरभरे दुप्पट भिजवायला सांग."
बरं म्हटलं.
"आणि उद्या भाजी मीच तोडते. पायात बळ आलंय. आपल्या हातानं तोडून मारुतीला एक दोडका ठेवीन म्हणते."
अजून पाऊस आहे, पाय घसरेल, मी तोडून देतो... काय काय बोललो. ऐकलं नाही. बऱ्याच दिवसांनी ती हट्टानं बोलली आणि मला बरंही वाटलं, हे आणखी वाईट.
दिवेलागणीला परसात जाऊन पाहिलं. वेलाला एक दोडका नाही. दगडूकडचे दोडके टोपलीत आहेत, ताजे, देठासकट.
सौ. मागे येऊन उभी राहिली. टोपलीतला एक दोडका तिनं वेलाशी धरून पाहिला. मग हळूच म्हणाली, "हिरवा दोरा नाही घरात. काळा चालेल?"
चालेल म्हणालो नाही. नको असंही म्हणालो नाही. ती सुई-दोऱ्याचा डबा आणायला आत गेली आहे.