लाल काचेचा दिवा

२० नोव्हेंबर १९५८, देवबाग

पोचलो एकदाचा! एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. कॅमेरा, तिपाई, काचेच्या प्लेटा, सगळं होडीतून धड आलं. तुळसा नावाच्या बाईने पडवीलगतची खोली दिली. तिचा नवरा काशीराम तीन वर्षांपूर्वी होडीसकट बुडाला. प्रेत मिळालं नाही म्हणून ही अजून कुंकू लावते. चांदण्यातल्या किनाऱ्याचे माझे फोटो एकदा मुंबईच्या प्रदर्शनात लागू देत, मग बघतो कोण नाक मुरडतं ते.

२१ नोव्हेंबर

तुळसा रोज तिन्हीसांजेला पडवीत समुद्राकडे कंदील टांगते. त्याचा उजेड माझ्या फोटोत घुसतो. अर्धा अर्धा तास प्लेट उघडी ठेवायची म्हणजे काय चेष्टा आहे? शेजारच्या गुणाजींनी बजावलं, की बुडालेला माणूस तो दिवा लांबून बघून माघारी जातो. दिवा दिसला नाही, तर दुसरा उजेड शोधत दाराशी येतो. आणि घरात राहायचं तर आपल्या जागी समुद्राला दुसरा माणूस देतो. मी कसंबसं हसू दाबलं. तुळसा झोपल्यावर कंदील विझवून टाकला.

२२ नोव्हेंबर

फोटो झकास! लाल उजेडाने प्लेट बिघडत नाही, म्हणून खिडकीशी लाल काचेचा दिवा लावून रात्रीच ती धुतली. पाण्याच्या कडेला एक माणूस उमटलाय. इतक्या वेळात जरा हललेला माणूस प्लेटवर धड उमटत नाही. हा अजिबात हललेला नाही. असेल कुणी रापणीचं जाळं ओढणारा. आजही कंदील विझवणार.

२३ नोव्हेंबर

तोच माणूस, आता माडांपाशी. डावा खांदा उतरलेला. मी गंमत म्हणून फोटो तुळसाला दाखवला. तिने त्यावरून बोट फिरवलं, म्हणाली, "हे आमचे." रडली नाही. लाल दिवा कुठे लावता, एवढंच विचारलं. मला माझीच लाज वाटली.

२४ नोव्हेंबर

आज तुळसाने कंदील लावलाच नाही. मी लावायला गेलो, तर तिने रॉकेल ओतून दिलेलं. अंगणात ओली पावलं, माझ्या खिडकीपर्यंत. परत गेलेली नाहीत. लाल दिवा आता लावणार नाही. पहाटेच निघतो —

रात्री

दाराला बाहेरून कडी. लाल दिवा खिडकीबाहेर टांगलाय, पेटवून. गजांतून हात पोचत नाही. त्याच्याच उजेडात लिहितोय —

ओरडलो. गुणाजींनी आपल्या घराचं दार लावून घेतलं, ऐकू आलं. तुळसा गजाशी आली. "आराडू नकात. तेंका वाट गावली."

पाया पडलो. आई एकटी आहे म्हणालो. ती म्हणाली, मीही एकटीच होते —

पडवीत कुणीतरी. पाणी टपकतंय. ती त्याला जेवणार का विचारतेय —

कडी काढली. आधी आतलं आटपून या, म्हणते, मग पान वा