आख्खं लग्न एका क्लिकमध्ये

१२ मे, सोमवार
हाताने फोटो एडिट करणं आजपासून बंद. आता बॅच प्रोसेसिंग. एका फोटोवर काय करायचं ते एकदा रेकॉर्ड करायचं, सॉफ्टवेअर तेच बाकी सगळ्या फोटोंवर करत सुटतं. पोलादपुरात हे कुणी करत नाही. सुरुवात वरच्या वाडीतल्या किरणच्या लग्नापासून. नूतनला समजावलं. म्हणाली, मग तुम्ही काय करणार? बायकोला दूरदृष्टी नाही.

१४ मे
रेकॉर्डिंग फर्स्ट क्लास. नवरा-नवरी मधोमध. कडेचा सगळा कचरा कापला : पंखा, मंडपाचा पाइप, नवऱ्याचा आजा हैबती. आहेर घरच्या वडीलधाऱ्याने घ्यायचा म्हणून म्हातारा प्रत्येक फोटोत स्टेजच्या कडेला उभा. लग्नात सारखं सांगत होतो, बाबा, जरा बाजूला सरा. सरायचा, पण फ्रेमच्या बाहेर काही जायचा नाही. आता बॅच घालवेल. शेवटी सगळ्यांना दोन शेड गोरं केलं. त्याशिवाय अल्बम कुणी घेत नाही.

१५ मे
बॅच लावली. प्रत्येक फोटोला थांबते आणि इंग्रजीत काहीतरी विचारते. ओके म्हटलं की पुढच्या फोटोला पुन्हा तेच. दुपारभर ओके, ओके. महाडच्या दीपकला फोन केला, त्याचाही स्टुडिओ आहे. म्हणाला, काय विचारतंय ते आधी वाच. जळतो.

१६ मे
उपाय सापडला. सेटिंगमध्ये एक खूण केली की सॉफ्टवेअर प्रश्न विचारत नाही. नूतनमध्येही अशी सोय हवी होती, असं तिच्यासमोर म्हणालो. जेवण मिळालं, पण गार. जेवून उठेपर्यंत आख्खं लग्न तयार. मधली एकही फाईल उघडून बघावी लागली नाही, यालाच सिस्टिम म्हणतात. उद्या पाचाडला बारसं आहे, कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मोकळं केलं.

१९ मे, सकाळ
हैबती गेला. शनिवारी गुरं घेऊन आला, ओट्यावर टेकला तो उठलाच नाही. त्याची बायको भागूबाई किरणला घेऊन डोंगर उतरून आली. कार्याला फोटो हवाय. उभ्या जन्मात त्याने फोटो काढून घेतला नव्हता. आधार कार्डावरचा आहे, तो तव्याच्या बुडासारखा. म्हातारी म्हणाली, लग्नात समद्या फोटूत होते की रे ते. म्हटलं, आजी, निवडून दमाल एवढे आहेत. संध्याकाळी देतो.

१९ मे, संध्याकाळ
एकाही फोटोत नाही. बॅचने कापलेले फोटो मूळ फोटोंवरच सेव्ह केलेत. प्रत्येक फोटोला विचारत होतं ते हेच. व्हायरस असणार.

२१ मे
कार्डावरून पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर लावलं. पाचाडचं बाळ परत आलं. रडताना, झोपताना, पुन्हा रडताना. दीपक म्हणाला, वर दुसरे फोटो काढलेस, आता खालचं काय येणार. बोलताना आवाजात समाधान होतं.

२३ मे
एआय. फोटोची कापलेली कड ते स्वतः भरून देतं. उत्तम भरली. भरघोस मिशी, इस्त्रीचा फेटा, हसरा चेहरा. भागूबाईला अभिमानाने दाखवला. ह्यो कोन, म्हणाली. आमच्यांना म्होरले दात नाय. किरणला हसू आलं, मग त्याने तोंड फिरवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

२४ मे
एका फोटोत किरणच्या खांद्यावर एक हात राहून गेलाय. अंगठ्याचं टोक नाही. भागूबाईने पदराने स्क्रीन पुसली आणि म्हणाली, कोयता लागला होता. त्येच हायत. हाच फोटू दे.
फ्रेम करायला घेतली, तर नूतन म्हणाली, यात किरणचा चेहरा आहे. जिवंत पोराला हार घालणार का? मुद्दा बरोबर होता, मला सुचणारच होता. नुसता हात कापून घेतला. हाताने.

२६ मे
फ्रेम दिली. उद्या कार्य. म्हातारीने ती दारातल्या उजेडात धरली. मग म्हणाली, हात त्येंचा हाय, पन असा गोरा कसा? जन्मभर उन्हात व्हते रे ते. जरा काळा करून दे, म्हंजे पोरांना वळखू येल.
म्हटलं, एका क्लिकचं काम आहे, बसा.

२६ मे, संध्याकाळ
काळा होतो, पण राखेसारखा होतो. मग तांबूस. मग पुन्हा राखेसारखा. मूळ रंग कसा होता ते आठवत नाही. त्याच्याकडे बघितलंच कधी तर बाजूला सरा म्हणण्यापुरतं. म्हातारी बाकावर बसून आहे, शेवटची गाडी गेली. नूतनने तिला चहा दिला, मला दिला, स्क्रीनकडे बघितलं. काही विचारलं नाही.