टेबल हलतं, इमारत नाही

३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

कॉम्प्युटरचं टेबल आज पुन्हा हललं. या वृत्ताला सुगंधाने दुजोरा दिला. तिने टेबलावर ठेवलेला माझा चहा अर्धा बशीत आला.

बातम्यांच्या एजन्सीत आयुष्य गेलं, त्यामुळे सूत्राशिवाय लिहायची सवय नाही. सूत्र घरचं, म्हणजे बायकोच, असलं तरी विश्वासार्ह आहे.

पार्श्वभूमी: आमच्या सोसायटीत सगळ्यांनी रिडेव्हलपमेंटला सह्या दिल्या. एक मी सोडून. स्ट्रक्चरल ऑडिटला आलेल्या पोराने इमारत धोकादायक ठरवली. वयाने आमच्या लेकीपेक्षा, ऋतिकापेक्षा, लहान असेल. ही इमारत उभी राहिली तेव्हा पहिला सेक्रेटरी मी होतो. प्रत्येक स्लॅब टाकताना छत्री धरून उन्हात उभा होतो. ती किती मजबूत आहे हे आता हा सांगणार.

वॉर्ड ऑफिसात ११ एप्रिलला सुनावणी. त्याआधी हरकतपत्र द्यायचं. मुद्देसूद, सात-आठ पानी. ऋतिकाने बंगळुरूहून कॉम्प्युटर पाठवलाय. अडचण फक्त टेबलाची. डुगडुगत्या टेबलावर ठाम मत मांडता येत नाही.

संकल्प: आधी मजबूत टेबल, मग पत्र. आठवड्याचं काम.

५ फेब्रुवारी

खिडकीकडच्या पायाखाली पेपराची घडी घातली. टेबल थांबलं. पत्राला सुरुवात केली. ‘महोदय,’ एवढं टाइप झाल्यावर पुन्हा हललं. हल्ली पेपरात काही वजनच राहिलं नाही.

९ फेब्रुवारी

ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटात जाऊन नवं टेबल घेतलं. लोखंडी पाय. दुकानदार स्वतः त्यावर चढून उभा राहिला. टेबल ढिम्म हललं नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टेम्पोवाल्याने टेबल गेटवर उतरवून हात झटकले. शेवटी प्रीतम आला. हा प्रीतम हल्लीचा सेक्रेटरी, आमच्या समोरच्या दारात राहतो. मुलगा तसा चांगला, फक्त माझ्या विरुद्ध आहे. टेबलाचं एक टोक धरून वर येताना प्रत्येक जिन्यावर म्हणायचा, काका, एक सही केली असती ना, तर पुढचं टेबल लिफ्टने आलं असतं.

मी म्हटलं, पुढचं टेबल लागणारच नाही.

१० फेब्रुवारी

नवं टेबल हलतं.

शिवाय पेन्सिल ठेवली की खिडकीकडे घरंगळत जाते. गोल पेन्सिली घेणं ही माझीच चूक. सहा कडांच्या आणल्या. त्याही जातात, पण थांबत थांबत. ही सुधारणा आहे.

१४ फेब्रुवारी

सुगंधाचे गुडघे पुन्हा सुजले. भाजी आणायला खाली गेली की दुसऱ्या मजल्यावर मालनताईंकडे बसून दम घेते. मालनताई आमच्या घराच्या बरोबर खाली राहतात, एकट्याच. मूळच्या जालन्याच्या. दोघींचं काय बोलणं होतं ते मला कळत नाही, पण सुगंधा वर येते ती काहीतरी ठरवून आल्यासारखी.

आज चिडली. चिडली की ती थेट मालवणात पोचते. म्हणाली, अहो, टेबल हलणा नाय, घर हलता हा!

बाईमाणसाला अतिशयोक्ती शोभते. पत्रात चालत नाही.

टीप: लिफ्टचा मुद्दा पत्रात टाळावा.

२० फेब्रुवारी

रतन मिस्त्रीला बोलावलं. सुतारकामातला जुना माणूस. त्याने टेबल पाहिलं, फरशी पाहिली, भिंत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. म्हणाला, शेठ, टेबल धरून बसायचं की कारण शोधायचं? मी म्हटलं, तुला टेबलासाठी बोलावलंय. तो म्हणाला, मग झालं.

एका पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकला. टेबल पक्कं! झकास!

उद्यापासून पत्र.

२७ फेब्रुवारी

टेबल हलतं. रतन म्हणतो, लाकूड बसलं असेल. दुसरा तुकडा ठोकला.

६ मार्च

तिसरा तुकडा. त्या पायाला आता टाच आल्यासारखी दिसते. रतनने विचारलं, दर आठवड्याला येऊ का, म्हणजे फोन करायला नको? नव्या सुतारांत नाही ही तत्परता.

पत्राची प्रगती: ‘महोदय,’च्या खाली ‘विषय:’ आलं आहे.

८ मार्च, दुपारी

मार्ग सापडला! आणि तो स्वयंपाकघरात होता.

सुगंधा ओट्यावर नारळ फोडत होती. ओटा तसूभर हलला नाही. लग्न झाल्यापासून ती त्या ओट्यावर नारळ फोडते, वाटण वाटते, रागावली की डबे आपटते. कधी हललाय? नाही. का? कारण ओटा म्हणजे टेबल नव्हे. खाली विटांच्या भिंती, वर कडप्पा.

संकल्प: बेडरूममध्ये कडप्प्याचा ओटा. त्यावर कॉम्प्युटर. घाटकोपरला तयार टेबलं काय वाट्टेल त्या भावाने विकतात, आणि ही साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात येऊ नये?

सुगंधाला सांगितलं. ती हसली नाही, रडली नाही. अर्धा नारळ हातात तसाच घेऊन खाली मालनताईंकडे गेली.

१५ मार्च

ओटा झाला. विटा, वाळू, कडप्प्याची जाड लादी. गवंड्याने विचारलं, काका, इथे पाण्याचा नळ कुठे काढायचा? त्याला समजवायला वेळ लागला.

प्रीतमने हरकत घेतली. म्हणे, काका, इमारत धोकादायक यादीत आहे, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर विटांची भिंत कसली घालता? कमिटीची परवानगी कुठाय? मी म्हटलं, अरे, मी परवानग्या देत होतो तेव्हा तू सोसायटीच्या नळावर पाणी उडवत होतास. तो गप्प बसला. गप्प बसला म्हणजे पटलं.

संध्याकाळी ओट्यावर दोन्ही मुठी आपटल्या. काही नाही. पाण्याचा ग्लास ठेवला. एक लाट नाही. फक्त ग्लासात पाणी खिडकीच्या बाजूला काठापर्यंत आणि दाराच्या बाजूला थोडं खाली. ग्लास वाकडा आहे. हल्ली काचही धड मिळत नाही.

२२ मार्च

ओट्याशेजारच्या भिंतीवर एक रेघ दिसते. रंगाची. तिथे कॅलेंडर लावलं.

कपाटाचं दार आपोआप उघडतं. सोयीचं आहे.

पत्र: ‘विषय: आमच्या इमारतीच्या मजबुतीबाबत.’ वाक्य वजनदार उतरलं. ओट्याचा परिणाम.

२७ मार्च

कॅलेंडर लहान पडलं. दुसरं लावलं.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी सरळ उभी राहीना. सुतळीने तीन ठिकाणी बांधली तरी खिडकीबाहेर वाकतेच. काठी वाकडी आली असणार. खालून मालनताई वर बघून म्हणाल्या, भाऊ, काठी सरळ हाय, खिडकी बघा. मी वरून हात केला. सणाच्या दिवशी वाद नको.

सुगंधाने श्रीखंडाची वाटी ओट्यावर ठेवली. विचारलं, अहो, तुम्हाला खरंच काही दिसत नाही की बघायचं नाही? मी म्हटलं, मला पत्र दिसतंय. ती म्हणाली, मला मालनताईंचं छत दिसतं. तिथे ओल आलीये. मग वाटी उचलून घेऊन गेली. मी अजून खाल्लं नव्हतं.

३ एप्रिल

सकाळी आठच्या सुमारास मालनताईंच्या घरात छताचं प्लास्टर पडलं. त्यांच्या पलंगावर. आमच्या ओट्याच्या बरोबर खाली.

दुजोरा मी स्वतः देतो. खाली जाऊन पाहिलं. उशी दिसत नव्हती. छताला सळ्या दिसत होत्या. काळ्या, सुजलेल्या, पापुद्रे सुटलेल्या. त्या स्लॅबवर मी छत्री धरून उभा होतो.

मालनताई ठीक आहेत.

संध्याकाळी त्या वर आल्या. भांडतील असं वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भाऊ, भाकरी टाकायला उठले म्हणून ऱ्हायले. रोज या टायमाला पडून असते मी.

एवढंच बोलल्या. जाताना पदरातून प्लास्टरचा तुकडा काढून ओट्यावर ठेवला. मुठीएवढा आहे. पेपरवेट म्हणून...

४ एप्रिल

वॉर्ड ऑफिसातून इंजिनिअर बाई आल्या. सुनावणीची वाट न बघता. हातात छोटी हातोडी. भिंतीवर ठोकत गेल्या. भिंतीचा आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. कॅलेंडरं उचलून पाहिली. दोन्ही.

मग ओट्यावर ठोकलं. ठण्ण. विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, कॉम्प्युटर टेबल. बाईंनी प्रीतमकडे पाहिलं. प्रीतमने छताकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, या इमारतीत धड एवढी एकच वस्तू आहे, आणि तीच आधी उतरवायला हवी.

पहिला अर्धा भाग लिहून ठेवला. सरकारी मत आहे.

रात्री ओट्यावर डोकं टेकून पाहिलं. गार लागतं.

५ एप्रिल

पत्र लिहायला बसलो. टेबल हलत नाही, लाइट आहे, चहा आहे, वेळ आहे. ‘महोदय, आमच्या इमारतीच्या मजबुतीबाबत’ याच्यापुढे एक शब्द येईना. समोर तो तुकडा. ड्रॉवरमध्ये टाकावा म्हटलं तर ओट्याला ड्रॉवर नाही.

सुगंधा आत आली. मला वाटलं, बोलेल. तिने फक्त प्रीतमने दिलेला संमतीचा कागद तुकड्याखाली सरकवला आणि गेली. जिना उतरल्याचा आवाज आला. एक एक पायरी. मध्ये थांबत. मालनताई आपल्या भाचीकडे भांडुपला निघाल्या होत्या, त्यांना सोडायला.

आवाज थांबला तरी मी ऐकत होतो.

५ एप्रिल, पुन्हा

सही केली. पेन सरकलं नाही, अक्षर हललं नाही. इतकी झकास सही कित्येक वर्षांत झाली नव्हती.

या टेबलावर पूर्ण झालेलं हे एकमेव लिखाण.

प्रीतमला कागद नेऊन दिला. टोमणा मारेल म्हणून तयारीत होतो. तो म्हणाला, बसा काका, चहा घ्या. बसलो. त्याचंही टेबल हलत होतं. दोघांनी आपापली बशी धरून ठेवली.

२ मे, मुलुंड पश्चिम

भाड्याच्या घरात आलो. पाचवा मजला. लिफ्ट आहे. सुगंधा सकाळपासून तीनदा खाली जाऊन आली. एकदा कढीपत्ता आणायला, एकदा तो विसरला म्हणून. तिसऱ्यांदा का गेली ते तिने सांगितलं नाही.

सामान सगळं आलं, ओटा सोडून. ओशिवऱ्याचं लोखंडी टेबल तिसरा जिना उतरताना टेम्पोवाल्याने बघितलं आणि विचारलं, शेठ, एका पायाला टाच कशाला? ते रतनला देऊन टाकलं.

सध्या कॉम्प्युटर सुगंधाच्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आहे. पत्र्याचे घडीचे पाय, एक स्क्रू गायब. हलणारच, म्हणून पेपराची घडी हातात घेऊन बसलो होतो.

हलत नाही.

पेन्सिल ठेवली. गोल. ठेवली तिथेच राहिली. बराच वेळ बघत होतो. सुगंधाने दारातून पाहिलं. घडी केलेला पेपर उलगडून वाचून टाकला.

ताजं वृत्त: इमारत पाडायला बुधवारी सकाळी सुरुवात होईल. काम वरून खाली येणार. तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममधला ओटा फोडायला वेगळं मशीन मागवावं लागणार आहे, असं कंत्राटदाराने प्रीतमला सांगितलं. प्रीतमने ते मला सांगताना तोंड दुसरीकडे केलं होतं.

बघायला मालनताई भांडुपहून येणार आहेत. या वृत्ताला सुगंधाने दुजोरा दिला. त्यांना काय म्हणायचं त्याचा मसुदा करायला मघाशी बसलो. सवयीने ‘महोदय,’ टाइप झालं, ते खोडलं. सुगंधा म्हणते, लिहून नेऊ नका, नुसते समोर उभे राहा.

बुधवारी मी तिथे असेन. काय बोलेन, ते अद्याप समजू शकलेलं नाही.