उत्तरपक्षाविना प्रसिद्ध झालेला लेख

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो, असे तुझ्या वहिनीकडून कळले. मला थेट कळण्याचा मार्ग उरलेला नाही, कारण तू माझा फोन उचलत नाहीस. आणि न उचलण्याचे कारण मीच पुरवले असल्याने तक्रारीचा अधिकारही मला नाही. चष्मेवाल्यांना नमस्कार सांग (सांगावासा वाटला तर). माझी प्रकृती ठीक आहे. मान तेवढी वर होत नाही.

घडले ते क्रमाने सांगतो. निवृत्तीनंतर तर्कशास्त्र कोणाला शिकवावे, हा प्रश्न होता. घरात तुझी वहिनी एकटीच, आणि तिने पहिल्याच तासाला वर्ग सोडला. म्हणून ब्लॉग काढला. तो मुळात साधा होता. परंतु त्याला प्लगइन नावाची उपकरणे जोडता येतात आणि ती फुकट असतात, हे कळल्यावर माझा संयम सुटला. एक प्लगइन वाचकांची संख्या दाखवते (बहुधा मी, आणि पुन्हा मीच). एक लेखाखाली ‘हेही वाचा’ म्हणून जुने लेख सुचवते. एक प्रत्येक नवा लेख माझ्याकडे पत्ता असलेल्या सर्वांना, म्हणजे नातेवाईक, जुने सहकारी, दातांचे डॉक्टर आणि गॅस एजन्सी यांना, ईमेलने धाडते. एक लांब लेखाचे दोन भाग करून दुसरा सवडीने सोडते. आणि एक लेखाला गुण देते. आयुष्यभर इतरांना गुण देण्यात घालवलेल्या माणसाने त्याच्यापासून तरी दूर राहायला हवे होते.

चष्मेवाल्यांशी दुसरे लग्न करणार असल्याचे तू फोनवर सांगितलेस, त्यावर मी लेख लिहायला बसलो. तुझ्या बाजूने. माझी पद्धत तुला ठाऊक आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, त्याला स्वतःलाही जमणार नाही इतके भक्कम मांडायचे, मग उत्तरपक्षात ते एकेक करून पाडायचे. त्याप्रमाणे या वयातल्या लग्नावरचे झाडून सारे आक्षेप मी मांडले. गुण देणाऱ्या प्लगइनने लाल दिवा दाखवून कळवले, की कळीचा शब्द, म्हणजे ज्यावरून लोकांना लेख सापडतो तो, लेखात पुरेसा आलेला नाही. तो मीच ठरवला होता: ‘उतारवयातील हट्ट’. दिवा हिरवा होईपर्यंत मी तो घालत गेलो. शीर्षकात घातला, उपशीर्षकांत घातला, तुझ्या बागेतल्या फोटोखालीही घातला. दिवा हिरवा झाला. मी कृतकृत्य होऊन ‘प्रकाशित करा’ दाबले. पुढचे सारे यंत्रांनी केले: पूर्वपक्ष तेवढा बाहेर पडला, सर्वांना पोचला, आणि तुझ्या फोटोखाली ‘हेही वाचा: मूर्खपणाचे काही प्रकार’ असे आपोआप उमटले.

मामेभावाने अभिनंदन केले. कोणीतरी तुला हे सुनावायलाच हवे होते म्हणे. दातांच्या डॉक्टरांनीही सहमती कळवली. चष्मेवाल्यांची प्रतिक्रिया आली: ‘लेख अभ्यासपूर्ण आहे. दुसरा भाग कधी?’ ती मी अजून मंजूर केलेली नाही. कोणत्या तोंडाने करू? तुझ्या वहिनीने लेख शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, “समोरच्याची बाजू मांडता मांडता तुम्ही तिकडेच राहायला गेलात की हो.”

लेख मी काढून टाकला आहे. लोकांनी वाचलेला लेख परत घेणारे प्लगइन शोधले, मिळाले नाही.

तुझा,
दादा

ता. क. वर मी यंत्रांवर ठपका ठेवला, तो अन्याय आहे. दुसरा भाग कोणी अडवला नव्हता. तो नव्हताच. ‘उत्तरपक्ष’ एवढे शीर्षक होते आणि खाली कोरी जागा. ती तशीच ठेवून मी बटण दाबले. पूर्वपक्ष लिहिताना मात्र मी एकदाही अडखळलो नव्हतो. ते आक्षेप विरोधकाचे नव्हते, धाकटे. माझे होते.

पुन्हा ता. क. तेव्हापासून उत्तरपक्ष लिहितो आहे. आजवर एकच वाक्य टिकले: ‘बातमी सांगताना ती हसत होती.’ शास्त्राप्रमाणे हे प्रमाण होत नाही. परंतु याचे खंडनही मला करता आलेले नाही.

अखेरचा ता. क. नोंदणीच्या वेळी साक्षीदार लागतात. चौकशी केली, साक्षीदाराला मत विचारत नाहीत, फक्त सही घेतात. मी येऊ का?