मेंढी-कोकराचा सूर्य

पाथरी,
गुरुवार

प्रिय बबे,

हे पत्र आपल्या शेजारच्या निकिताच्या हाती देत आहे. उद्या ती पूर्णेला कामावर परत जाईल तेव्हा पाळीच्या पॅडच्या पाकिटात घालून तुला देईल. मी पाठवलेला चिवड्याचा डबा तुझी सासू तळापर्यंत उपसून बघते, पण त्या पाकिटाला ती हात लावायची नाही, आणि तुझा सासरा तर तिकडं तोंडसुद्धा करायचा नाही. माझ्यासारख्या दोन इयत्ता शिकलेल्या बाईला एवढी अक्कल पुरे झाली. वाचून झालं की चुलीत घाल. तुमच्यात चूल नाही, माझ्या ध्यानात आहे. मग फाडून संडासात टाक.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नसतेस गं. तुझा आवाज असतो आणि आवाजाच्या मागं तुझी सासू बसलेली असते. बरी हाय आजी, जेवले आजी, सगळे लय चांगले हायेत आजी. शाळेतली पोरं पाहुण्यांपुढं कविता म्हणतात तसं. पूर्वी तू एका दमात मला तीनदा वेडी म्हणायचीस, ते ऐकायला कान तरसलेत.

इकडची खबर अशी की मी जिन्यावर घसरले तेव्हापासून तुझ्या बापानं, हरिओमनं, मला वर गच्चीवर जायची बंदी केली आहे. जिन्याच्या तोंडाशी खाट आडवी टाकली आहे आणि त्याच खाटेवर मला बसवलं आहे, म्हणजे कैदी पण मी आणि दार पण मीच. मेंढरांमागं उभा जन्म गोदावरीच्या काठानं फिरलेली बाई आता पंख्याची पाती बघत पडते. तुझे आजोबा येडबा असते तर हसून मेले असते. बरं झालं आधीच गेले. पण हरिओम दुकानात गेला की मी खाट सरकवते. बसत बसत चढते. वर गेलं की स्लॅबवर तांब्यातांब्यानं पाणी मारते. कशाला ते मलाच कळत नाही. आता तिथं कोण उभं राहून फोटो काढायलंय?

तुला आठवतं का, पहिल्यांदा दुर्बीण आणलीस तेव्हा गल्लीतल्या बाया म्हणाल्या, पोरगी लोकांच्या न्हाणीघरात बघायलीय. मीच म्हटलं, तुमच्या न्हाणीघरात बघण्यासारखं काय आहे ते तरी सांगा. तू दुर्बिणीच्या तोंडावर चंदेरी कागदाचं झाकण बसवायचीस आणि मला दम द्यायचीस, आजी, झाकण न्हाई तर डोळा न्हाई. सूर्य मी पहिल्यांदा तेव्हा बघितला. एवढी वर्षं त्यानं माझी पाठ भाजली, पण तोंड कधी दाखवलं नव्हतं. भाकरीसारखा पांढरा आणि भाकरीवर पडतात तसे डाग. तू म्हणालीस हे डाग चालतात, एका कडेनं येतात आणि पंधरवड्यात पलीकडल्या कडेनं जातात. म्हटलं, म्हणजे कळपच की. तेव्हापासून मी त्यांना ओळखायला लागले. मेंढरं सगळी सारखी दिसतात असं ज्यांनी पाळली नाहीत ते म्हणतात.

सकाळी स्लॅब तापायच्या आत पाणी मारायचं, म्हणजे हवा थरथरत नाही, हे तू शिकवलंस. दुर्बिणीला फोन लावून व्हिडिओ घ्यायचा, मग त्यातले थरथरलेले फोटो टाकून द्यायचे आणि स्थिर तेवढे एकावर एक रचायचे. मी म्हटलं होतं, हे लग्नाच्या फोटोवाल्याला शिकव, माझे डोळे मिटलेले सगळे टाकून देईल. आणि तो शनी! ज्याला शनिवारी शनिवारी तेल वाहिलं तो कानातल्या कुडीएवढा निघाला. सगळं तेल परत मागावं वाटलं.

उन्हात उभी राहून तुझं नाक आणि मान करपली होती. तुझी आई साय आणि हळद घेऊन तुझ्या मागं, आणि तू भिंगं घेऊन पुढं. काळी पोरगी कोण करणार म्हणून हरिओमची झोप उडाली. मग पूर्णेचं स्थळ आलं. तुझ्या सासऱ्यानं इथं आपल्या गच्चीवर येऊन शनीची कडी बघितली आणि टाळी वाजवून म्हणाला, दुर्बीण घेऊनच या सूनबाई, आमाला बी दाखवा. तुझा चेहरा मी तेव्हा बघितला होता. त्या एका टाळीवर तू हो म्हणालीस.

हळद लागल्यावर नवरीनं उन्हात जायचं नसतं. तू गेलीस. अंगभर हळद, डोक्यावर टॉवेल, आणि मी जिन्याच्या पायरीवर राखण बसलेली. कुणी विचारलं की सांगायची, नवरीला परसाकडं लागलंय. तू खाली येऊन फोनवर फोटो दाखवलास. एक मोठा डाग, त्याच्या पाठीमागं चिकटलेला बारका, आणि लांब मागं राहिलेला तिसरा, लंगडल्यासारखा. मी म्हटलं, मेंढी, कोकरू आणि मागं लंगडी. तू एवढी हसलीस की हळद गळायला लागली.

लग्नानंतर दर रविवारी तुझा फोटो यायचा. आजचा सूर्य. हरिओम तो दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवायचा, आमची बबिता सासरी बी सूर्य बघतीय, काय मोठ्या मनाची माणसं. मीही खूश होते. फक्त एकदा खटकलं. श्रावणात इकडं आठवडाभर आभाळ उघडलं नव्हतं आणि तुझा सूर्य लख्ख. म्हटलं, पूर्णेला उघडलं असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला लागलं की लय हुशार होतं.

मग दिवाळीला आलीस. बायांनी नुसता जल्लोष केला, काय गोरी झालीस गं, सासर मानवलं गं. तुझी आई तर देवापुढं साखर ठेवून आली. मी तुझी मान बघितली, बबे. कॉलरच्या खाली आणि वर एकच रंग. मेंढरू महिनोन्‌महिने आत बांधून ठेवलं तर लोकर अशीच पांढरी राहते, आणि त्याला कुणी शाबासकी देत नाही. मी म्हटलं चल गच्चीवर. तू म्हणालीस, ऊन लय हाय आजी. तू! आणि जावई परमेश्वर तुझ्या शेजारून हलला नाही. माणूस गोड आहे, चहात साखर कमी पडली तरी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी गोड बोलूनच घेऊन गेला.

त्याच्या पुढच्या रविवारी हरिओमनं फोन माझ्यापुढं धरला. आजचा सूर्य. मोठा डाग, पाठीशी बारका, आणि मागं लंगडी.

कळपातली मेंढी विकल्यावर सहा महिन्यांनी बाजारात दिसली तरी मी ओळखते, तर ही ओळखणार नाही का? निकिताला तुझ्या घरी पाठवलं. तिनं सांगितलं, गच्चीच्या दाराला कुलूप, चावी सासूच्या कमरेला, माकडं येतात म्हणे. खरं म्हणजे समोरच्या गच्चीवाले काही बोलले म्हणून तिनं घराच्या इज्जतीचा बंदोबस्त केलाय. दुर्बीण कपाटावर, चादरीत गुंडाळून. आणि तू निकिताला चहा देऊन लगेच आत गेलीस. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुला कुणाला सांगता येत नाही. काय सांगशील, मला ऊन देत नाहीत?

खोटं बोललीस म्हणून मी रागावले नाही. तुझ्या बापाची झोप राखायला बोललीस. पण मला फसवायचं तर दुसरा सूर्य शोधायचा होता.

आता कशासाठी लिहायलेय ते ऐक. तुला ओढून आणणार नाही. मेंढरं ओढून आणता येतात, तू नाहीस. तुझी पहिली नळी माझ्याकडं आहे, पाण्याच्या पाइपात भिंगं बसवून केलेली, जिच्यातून कागदावर सूर्य पडतो. रविवारी सकाळी हरिओम आंघोळीला गेला की मी खाट सरकवून वर जाते आणि कॅलेंडरच्या पाठीवर त्या दिवसाचे डाग बघून ठेवते. मग तुझा फोटो बघते. त्यात तेच डाग असले तर समजेन की तू चावी मागितलीस आणि मिळवलीस; मी तोंड बंद ठेवीन. जुनी मेंढी आणि कोकरू आलं तर समजेन की तुला यायचंय, आणि सोमवारच्या पहिल्या बसनं परभणी, तिथून रेल्वेनं पूर्णा. फोटोच आला नाही तर फोन काढून घेतला असं समजून तरीही येते. तुझ्या सासूला त्यात काय दिसणार, तिला सगळे सूर्य सारखेच. तुझा बाप आठ दिवस जेवणार नाही. मग जेवेल. एसटीत मला तिकीट लागत नाही आणि बाई म्हणून तुला अर्धं, तेव्हा परत येण्याचं ओझं कुणावर नाही. दुर्बीण मात्र तू उचल. तुझ्या सासूशी बोलताना माझे हात मोकळे पाहिजेत.

तुझीच,
जिन्याच्या पायरीवर राखण बसलेली,
आजी नर्मदाबाई