माझ्यामागे कारखान्याची वेबसाइट कोणी उघडायची

मी, नूतन जगन घरत, वय २६ वर्षे, काम गणपतीच्या मूर्तींचं रंगकाम व कारखान्याच्या वेबसाइटची देखभाल, राहणार हमरापूर, तालुका पेण, जिल्हा रायगड, आज सकाळपासून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. उलट सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं. कालपासून मला अधूनमधून हसू फुटतं. त्याचं कारण खाली दिलं आहे, ते वेडाचं लक्षण धरू नये.

उद्या पेणच्या दवाखान्यात माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी घरी." मी विचारलं, "आणि नाही आले तर?" ते म्हणाले, "तर शनिवारी." त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तरीही यंदा तीनशे बारा घरांचं बुकिंग वेबसाइटवर आहे. कोणाला किती इंचाची मूर्ती, पितांबर कोणत्या रंगाचा, सोंड डावी की उजवी, सगळं तिथे. आणि ती आतून उघडणारी या घरात मी एकटीच. मी नसले तर गणपतीच्या आदल्या दिवशी तीनशे बारा माणसं पाट घेऊन दारात उभी राहतील आणि कोणालाच काही सांगता येणार नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

कलम १. याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द. सातवीत सहलीला जाताना वहीच्या शेवटच्या पानावर एक लिहिलं होतं, तेही यात आलं.

कलम २. माझे सातही ब्रश अनिताकाकीला. ही माझ्या काकांची बायको. कारखान्यातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे हीच आखते. शाळेच्या आधी मला आकडे तिनेच शिकवले, मूर्तींच्या उंचीवरून. पहिलीत बाईंनी "आठानंतर काय?" विचारल्यावर मी "दहा" म्हणाले, कारण आमच्याकडे नऊ इंचाचा साचा नव्हता. बाई ओरडल्यावर काकी शाळेत गेली आणि म्हणाली, "पोरगी बरोबर सांगते. नवाचा कोन नेत नाय." ब्रश कसा धरायचा हेही तिचंच. सबब, ब्रश परत जिथून आले तिथे.

कलम ३. स्कूटी शेजारच्या दिपिकाला द्यायची होती. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असं मी वाचलं. तिला विचारलं, स्कूटी की सही? म्हणाली, "सही करते गो. तुझ्या स्कूटीला ब्रेक कुठं हाय?" म्हणून स्कूटी आईला. आई ती चालवत नाही, पण अंगणात तिच्यावर बसून शेंगा सोलते.

कलम ४. माझा भाऊ विशालदादा नागोठण्याकडे कंपनीत शिफ्टला जातो. वेबसाइट केली तेव्हा मी माझा ईमेल घालत होते. तो म्हणाला, "तुझा कशाला? तू उद्या लगीन करून जाणार." आणि स्वतःचा, कंपनीचा, घातला. पुढे त्याने कंपनी बदलली आणि तो ईमेल बंद पडला. मी अजून इथेच आहे. त्याचं ते वाक्य मी त्याला याद्वारे परत करते. सोबत माझे हेडफोन, त्यातला डावा चालतो.

कलम ५. पासवर्ड कसा हरवला व कसा बदलला. हे कलम कोणीही फाडू नये.

हरवला ती चूक माझी. आमच्यात मूर्तीच्या बुडाला पेन्सिलने नंबर घालतात. गिऱ्हाइकाला दिसत नाही, आपल्याला उचलली की कळतं. मी नमुन्याच्या मूर्तीच्या बुडाला पासवर्ड लिहिला. नमुना कोणी विकत नाही, याहून सुरक्षित जागा नाही, असं मला वाटलं. जूनमध्ये लॅपटॉप बिघडला. नव्याने पासवर्ड मागितला. मी फळीवरून नमुना उचलला तर बूड कोरं. तो यंदाचा नमुना होता. जुना विशालदादाने गेल्या वर्षी आयत्या वेळी रोह्याच्या हैबतराव शेडग्यांना दिला होता, कारण त्यांच्या मूर्तीचा हात टेम्पोत चढवताना मोडला.

मी हैबतरावांना फोन केला.

"काका, गेल्या वर्षीच्या गणपतीच्या बुडाला काही लिहिलेलं होतं का?"

"व्हय, होतं की. इंग्रजीत कायतरी, मधी दोन उद्गारचिन्हं. आमच्या आईला वाटलं मंत्र हाय. तिनं त्यालापण हळदकुंकू लावलं."

"मग?"

"मग काय? पाचव्या दिवशी कुंडलिकेत विसर्जन. वाजवत नेला तुझा मंत्र!"

'पासवर्ड विसरलात का' यावर दाबलं की दुवा विशालदादाच्या बंद ईमेलवर जायचा. पण वेबसाइटला जिथे जागा भाड्याने घेतली आहे, त्या होस्टिंगचं खातं अनिताकाकीच्या मोबाइल नंबरवर निघालं. ते उघडलं त्या दिवशी घरात तिचाच फोन चार्ज होता. ओटीपी आला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तिने चुलीजवळून आकडे ओरडून सांगितले, मी आत शिरले.

आता क्रम. होस्टिंगच्या पॅनेलमधून पीएचपीमायअॅडमिन, म्हणजे वेबसाइटच्या माहितीचं कपाट, उघडायचं. काहीही बदलण्याआधी डेटाबेसची प्रत उतरवून ठेवायची. (मी तीन ठेवल्या.) मग ज्या तक्त्याच्या नावाच्या शेवटी 'यूजर्स' आहे तो उघडायचा, अॅडमिनच्या ओळीवर एडिट. 'यूजर पास' या रकान्यात अक्षरांचा लांबच लांब गिचमिडकाला दिसेल. त्यातून जुना पासवर्ड शोधत बसू नये. विरघळलेल्या शाडूकडे बघून मूर्ती कोणत्या साच्याची होती हे सांगता येत नाही, तसंच ते. तो पुसायचा, नवा पासवर्ड लिहायचा, आणि त्याच ओळीतल्या फंक्शनच्या यादीतून एमडी-फाइव्ह निवडायचं, नव्या पासवर्डचा गिचमिडकाला तेच करतं. मग सेव्ह. एमडी-फाइव्ह निवडायला मी विसरले आणि दोन दिवस रडले. ईमेलचा रकानाही तिथेच आहे. तिथे आता माझा ईमेल आहे.

काल साडेअकरा वाजता वेबसाइट उघडली. मी किंचाळले. हातातली रंगाची वाटी उडाली आणि समोरच्या गणपतीचा पितांबर ठिपक्यांचा झाला. वडखळहून आलेल्या बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "असाच पायजे." आत गेल्यावर मी पहिलं काम हे केलं की 'आमच्याविषयी' या पानावर, बाबा आणि काकांच्या नावांखाली, 'डोळ्यांची आखणी : अनिता घरत' असं लिहिलं. हे कोणीही पुसू नये.

कलम ६. वेबसाइटचं अॅडमिनपद माझ्यामागे अनिताकाकीकडे जावं.

हे वाचून दाखवल्यावर काकी म्हणाली, "मना नको. मना कंप्युटर नाय येत."

मी म्हटलं, "कलम पाच वाच आणि कर. जमलं नाही तर माझं लिहिणं चुकलं."

लिहिलेल्यावरून खरंच जमतं का, हे पाहिल्याशिवाय मी सही करणार नव्हते. म्हणून आज दुपारी दोन्ही साक्षीदारांसमोर काकीला खुर्चीवर बसवलं. हैबतराव यंदाचं बुकिंग करायला आले होते, तेच दुसरे साक्षीदार झाले आणि कलम पाच मोठ्याने वाचू लागले. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, मधे बोलायचं नाही असं ठरवून.

"प्रत उतरवली का, वहिनी?"

"उतरवली. दोन."

"आता एडिट. आता पुसा. सगळा पुसा. आता नवा लिवा. आता ते एमडी..."

"निवडला कवाच! आरत्या म्हणल्यासारखं ओरडू नका."

मग काकी एकेक अक्षर शोधून नवा पासवर्ड वेबसाइटवर टाकत असल्याची टकटक येत राहिली. माझ्या पोटातले खडे मला एकेक मोजता येत होते. मग दिपिका ओरडली, "उघडला गो!" आणि हैबतरावांनी टाळ्या वाजवल्या.

मी वळले. काकी पदराने चष्मा पुसत होती.

"काकी, काय ठेवलास पासवर्ड?"

"नाय सांगायची."

"अगं, इथे लिहायचा आहे. कायदेशीर आहे हे."

"शुक्रवारी घरी ये नि विचार. तिकडून फोन केलास तरी नाय सांगायची. शनिवारी आलीस तर शनिवारी विचार. पण इथं येऊन विचार."

त्यामुळे कलम ६ मला दुरुस्त करावं लागत आहे. जे देणार होते ते माझ्या हातून आधीच गेलं. या क्षणी कारखान्याच्या वेबसाइटचा पासवर्ड मला माहीत नाही. जून महिन्यानंतर पहिल्यांदाच मला त्याची काळजीही नाही.

वरचा मजकूर मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा दिपिकाने वाचू दिला नाही. तो माझा आहे, खरा आहे, आणि तो लगेच लागू व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

सही : नूतन जगन घरत

आम्हां दोघांसमोर तिने सही केली, तेव्हा ती हसत होती :
१. हैबतराव शेडगे, रोहा
२. दिपिका पाटील, हमरापूर

अनिता घरत यांना यातून मिळत असल्यामुळे त्यांची साक्ष घेतलेली नाही. त्या दवाखान्याची पिशवी भरत आहेत. पिशवीत त्यांनी कपडे फक्त दोन दिवसांचेच घातले आहेत.

ठिकाण : हमरापूर, ता. पेण
मंगळवार, ८ जुलै २०२५