आईच्या डोक्यातल्या संथ लाटा

नाशिक, १४ नोव्हेंबर २००२, गुरुवार

"लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जाईन, राहायला नाय." माझ्या लग्नात आई म्हणाली होती. गेल्या महिन्यात ती स्वतःच्याच शेवंतीच्या मळ्यातून घरी येताना वाट चुकली. तेव्हापासून हे वाक्य पाठ सोडत नाही.

आज तिच्या मेंदूच्या लाटांचा आलेख काढला. केस धुऊन, तेल न लावता यायचं, असं तीनदा बजावलं होतं. आली ती चापून तेल लावून. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "आजी, अशानं तारा चिकटणार नाहीत." मग दवाखान्याच्या मोरीत मीच तिचे केस धुतले. हा विसर की साठ वर्षांची सवय?

डोकंभर तारा लागल्यावर म्हणते, "लग्नात मुंडावळ्यासुद्धा एवढ्या नव्हत्या." ती मुलगी हसता हसता चिकटपट्टी शोधत राहिली.

डॉक्टर म्हणाले, "लाटा वयाच्या मानाने जरा संथ आहेत. विसराच्या आजाराची सुरुवात असू शकते, अजून तपासण्या करू. पण एकटं ठेवू नका."

"जल्मभर घाईच केली," आई म्हणाली, "आता हुं दे सावकाश."

रिक्षात बसेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. ते तेल पुन्हा आठवतंय. विसर असेलही. पण किती वर्षांनी तिचं डोकं माझ्या हातात आलं, आणि तिने नीट धुऊ दिलं.

ती इथे राहणार नाही. मला माहेरी चार दिवसांच्या वर टिकू न देणारी बाई, नाहीच म्हणेल. तरी उद्या तिला पोचवताना विचारणार आहे: आई, मला महिनाभर तुझ्याकडे राहू देशील?